एक बाजार जाऊ द्या

एकदा एका डोंगरपायथ्याच्या गावी सरपंचपदी निवडून आलेली एक तरुण सून, पदभार घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एका वृद्धाच्या ओसरीवर जाऊन बसली. वृद्धाने तिच्या आधी वीस वर्षे तेच पद सांभाळले होते. सारे गाव त्यांना आप्पा म्हणे. सुनेचे नाव वैजयंता.

"आप्पा, कायद्याचं पुस्तक मी वाचलंय," ती म्हणाली. "कारभार कसा करायचा ते तुम्ही शिकवा."

आप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. सुपातले दोन दाणे तिच्या हातावर ठेवून ते म्हणाले, "पुस्तक वाचलंस तर अर्धं काम झालं, सूनबाई. उरलेलं अर्धं मलाही नीट येत नाही. पण येत जा."

अशा रीतीने ती त्यांची शिष्या झाली.

शिष्या उत्साही होती, आणि उत्साहाला विलंब सोसत नाही. जानेवारीच्या ग्रामसभेत तिने दिवाबत्तीचा ठराव मांडला. तो एकमताने संमत झाला. टाळ्या थांबल्यावर मागच्या सतरंजीवरून आप्पांचा संथ आवाज आला, "एक बाजार जाऊ द्या."

आपल्या लोकव्यवहारात काळाची मापे पंचांगापेक्षा प्रपंचातून अधिक घेतली जातात. मूल दोन पावसाळ्यांचे असते, आजार एका अमावास्येचा असतो. त्या गावात तालुक्याचा मंगळवारचा आठवडाबाजार हे असेच एक माप होते. एक बाजार जाऊ देणे म्हणजे ठराव झाल्यावरही पुढचा मंगळवार उलटेपर्यंत त्याची अंमलबजावणी न करणे. ही रीत आप्पांनी स्वतःच्या कारकिर्दीत पाडली होती आणि गावाने ती सवयीने पाळली होती. तिचे कारण कोणी विचारले नव्हते, आणि आप्पांनीही ते सांगितले नव्हते.

वैजयंता थांबली. मंगळवार आला नि गेला. काहीच घडले नाही. दिवे लागले. मे महिन्यात अंगणवाडीच्या छपराचा ठराव झाला. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच मंगळवार, पुन्हा काही नाही. ऑगस्टमध्ये नळयोजना पुरी झाली, घरोघरी तोट्या बसल्या आणि पाणीवाटपाच्या वेळा ठरल्या. तेव्हाही एक बाजार गेला. त्या आठ दिवसांत फिटर दुसऱ्या गावी निघून गेला आणि वैजयंताला त्याच्या मागे तीन हेलपाटे घालावे लागले.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रंगनाथ उभा राहिला. रंगनाथ कष्टाळू शेतकरी, गावात शब्दाला वजन असलेला. तो म्हणाला, "आता घरोघरी नळ आलाय. देवळामागच्या आडावर कोण जातंय? कठडा ढासळलाय. परवा माझंच वासरू पडता पडता वाचलं. उद्या कुणाचं लेकरू पडलं म्हणजे? आड बुजवा आणि तिथं पोरांना व्यायामशाळा बांधा."

यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते. पोरांनी शिट्ट्या घातल्या. आदल्या दिवशीच्या महिलांच्या सभेतही याला कोणी हरकत घेतली नव्हती. हात वर करायला सांगितले तेव्हा पहिला हात आप्पांचा होता. पुरुषांचे हात वर झाले, बायकांचे झाले. एकही हात खाली राहिला नाही.

आणि हात खाली घेता घेता आप्पा म्हणाले, "एक बाजार जाऊ द्या."

या वेळी शिष्येचा संयम सुटला. सभा पांगल्यावर तिने त्यांना देवळाच्या पायरीवर गाठले.

"आप्पा, जेसीबीवाला उद्या यायला तयार आहे. तुम्हीच पहिला हात वर केलात आणि तुम्हीच थांबवता?"

"हो."

"वर्षात तीनदा थांबले मी. काय निघालं त्यातून?"

"काही नाही."

"मग?"

"मग चौथ्यांदा थांब," आप्पा म्हणाले. "आणि या मंगळवारी बाजारला स्कूटीवर जाऊ नकोस. बायकांबरोबर चालत जा. कुठला विषय काढू नकोस."

यापुढे त्यांनी काही सांगितले नाही. वैजयंताला राग आला. परंतु वर्षभर ज्यांच्या ओसरीवर बसून आपण शिकलो, त्यांची एवढी गोष्ट मोडणे तिच्याने झाले नाही.

मंगळवारी सकाळी ती पाटी डोक्यावर घेतलेल्या बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. तालुक्याचे गाव दोन कोसांवर. सकाळची एसटी बंद झाल्यापासून बाया पायीच जात.

"अगं बया, सरपंचबाई! स्कूटीनं संप केला का काय?"

"न्हाई गं, पुढच्या निवडणुकीची तयारी असंल. पायाला फोड आले की फोटो काढायचा."

"फोटोत पाटी पण पाहिजे. ही घ्या माझी, वांगी हायती, जपून!"

वैजयंता हसली आणि तिने वांग्यांची पाटी खरोखरच डोक्यावर घेतली. पहिला कोस थट्टेत गेला. कोणाची सून रुसली, कोणाच्या म्हशीने लाथ मारली, कोणत्या व्यापाऱ्याचा तराजू झुकतो, हे सारे बोलून झाले. मग ओढ्याचा चढ लागला, बाया विखुरल्या, आणि वैजयंताच्या लक्षात आले की आपल्या बरोबरीने आता एकटी कौसल्या चालते आहे.

कौसल्या म्हणजे रंगनाथची धाकटी बहीण, वयाने वैजयंतापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. नवऱ्याने दुसरे घर केले तेव्हा ती माहेरी परत आली होती. रंगनाथने गोठ्याशेजारची खोली तिला दिली होती. तिथे तिची वेगळी चूल होती, चार कोंबड्या होत्या. त्यांचीच अंडी ती बाजारला नेत होती.

बराच वेळ चालून झाल्यावर कौसल्याने समोरच पाहत विचारले, "सरपंचबाई, आड कधी बुजवणार?"

"बहुतेक याच आठवड्यात, कौसाताई. का हो?"

"न्हाई, सहज. त्याच्या आधी गोधड्या धुऊन घेते म्हटलं."

"घरी नळ आहे की."

"हाय ना. घरी हाय."

वैजयंताच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता. कुठला विषय काढू नकोस, असे आप्पांनी बजावले होते. ती चालत राहिली. कौसल्याने डोक्यावरची पाटी सावरली.

"तोटी वहिनीच्या न्हाणीत हाय," ती म्हणाली. "वहिनी वाईट न्हाई हो. एका शब्दानं न्हाई म्हणत न्हाई. पण इचारावं लागतं. वहिनी, दोन घागरी घेऊ का? घ्या की, ती म्हणती. दर येळेला म्हणती. नऊ वरसं झाली, मी समदं इचारून घेती. सरपण इचारून, शेणी इचारून, दिव्याची वायर जोडली ती पण इचारून. आडाचं पाणी तेवढं इचारावं लागत न्हाई. सकाळी पव्हरा सोडला, की कुणाची मेहरबानी न्हाई."

पव्हरा म्हणजे आडातून पाणी शेंदायचे पोहरे. वैजयंताने रोज सकाळी ते पाण्यावर आपटल्याचा आवाज ऐकला होता आणि जुन्या सवयीचे माणूस असेल कोणी, एवढेच मनाशी म्हटले होते.

"सभेत बोलायचं होतंत, कौसाताई."

"सभेत?" कौसल्या पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "दादाच उभा होता की बोलायला. त्याच्या देखत काय म्हणू, तुझ्या घरात मला पाणी मागावं लागतं? बायकांच्या सभेत वहिनी मांडीला मांडी लावून बसलेली. नऊ वरसं सांभाळलं त्यानं मला. माझ्यापायी त्याची मान खाली जायची न्हाई." मग घाईने, "मी हात वर केलाय हां. तुमचं काम अडवायचं न्हाई मला. आणि ह्यातलं कुणापाशी बोलू नका. माझी आण हाय तुम्हाला."

चढ संपला. पुढच्या बायांनी हाका मारल्या. कौसल्या झपाझप पुढे निघून गेली.

त्या संध्याकाळी वैजयंता ओसरीवर आली ती बसलीच नाही. "आप्पा, वाटेत एकीनं मला—"

"नाव नको," आप्पा म्हणाले. "काय बोलली तेही नको."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असतं तर आड बुजवायला पहिला हात वर केला असता का मी?"

आप्पांनी तिला बसायची खूण केली आणि सावकाश बोलू लागले.

"सभेत माणूस एकटा बसत नाही, सूनबाई. त्याच्या शेजारी त्याचा भाऊ असतो, सासू असते, ज्याचा बैल मागून आणायचा तो शेजारी असतो. हात वर होतो तो त्या सगळ्यांना धरून होतो. तो हात खोटा नसतो. पण तेवढ्यात अख्खा माणूस येत नाही. उरलेला माणूस बोलायला जागा शोधत असतो. कधी बांधावर बोलतो, कधी बाजारच्या वाटेवर. त्याला तेवढा अवधी द्यायचा. आला तर ऐकायचं. नाही आला तर भाजी घेऊन घरी यायचं."

"वीस वर्षांत कितीदा आला?"

"दोनदा. हा तिसरा." ते किंचित हसले. मग त्यांचा चेहरा मावळला. "आणि एकदा मी थांबलो नव्हतो. चावडीमागची जुनी वाट बंद केली. नवी वाट चांगली रुंद, सगळे खूश. एक म्हातारी त्या जुन्या वाटेनं लेकीकडं जायची. नवी वाट जावयाच्या भावाच्या दारावरून जात होती आणि त्यांचा अबोला होता. त्या दारावरून ती गेली नाही; लेकीकडं जाणंच सोडलं. मला कळलं ते तिच्या दहाव्याला. लेक म्हणाली, आई दोन वर्षं आली नाही, काय रागावली होती कोण जाणे."

"आप्पा, आड ठेवता येईल," वैजयंता म्हणाली. "कठडा बांधून वर जाळी बसवू, लेकराची भीती राहणार नाही. व्यायामशाळेला शाळेमागची जागा बघू. पण लोक विचारतील, एकमताचा ठराव का फिरवला? खरं कारण मला सांगता येत नाही. आणि नाही सांगितलं तर म्हणतील, बाई आहे, घडीघडीला बदलते. वर्षभर हेच खोडून काढत आले मी. एक वेळ हरलेली चालेल, पण हे ऐकवणार नाही मला."

आप्पांनी तिच्याकडे ममतेने पाहिले. "ते ओझं तुझं. मी त्यात हात घालत नाही," ते म्हणाले. "मला एवढंच ठाऊक आहे, की ते त्या बाईच्या डोक्यावर द्यायचं नाही."

पुढच्या आठवड्यात विशेष ग्रामसभा भरली. वैजयंताने उभे राहून सांगितले, "आड बुजवायचा ठराव मागे घेऊ. कठडा दुरुस्त करू, लोखंडी जाळी बसवू. व्यायामशाळा शाळेमागं होईल."

रंगनाथ उठला. "का पण, वहिनी? काय घडलं आठ दिवसांत?"

"माझं मत बदललं, रंगूभाऊजी."

"असं कसं बदललं? कारण सांगा की."

"कारण तेवढंच. मी फेरविचार केला."

सतरंजीवर कुजबुज पसरली आणि मग ती मोठी झाली. "घरून ऑर्डर आली असंल!" "अहो, साडी निवडायला ह्यांना चार दुकानं लागत्यात, आड तर केवढा!" पोरे फिदीफिदी हसली. वैजयंताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एका वाक्यात ती सर्वांची तोंडे बंद करू शकत होती. ते वाक्य तिने गिळले.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पेन थांबवून हळूच विचारले, "ताई, कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"लिहा, सरपंचांचे मत बदलले."

मतदान झाले. जाळी बसणार म्हटल्यावर आयांचे समाधान झाले होते, शाळेमागची जागा मोठी असल्याने निम्मी पोरेही वळली होती. नव्या ठरावाच्या बाजूने एकसष्ट हात मोजले गेले. मग भाऊसाहेबांनी विरोधातले हात वर करायला सांगितले. रंगनाथने हात वर केला, त्याच्या बायकोने केला, आणि तिच्या शेजारी बसलेल्या कौसल्यानेही, खाली सतरंजीकडे पाहत, आपला हात वर केला.

क्षणभर वैजयंताचे मन दुखावले. दुसऱ्याच क्षणी तिला दिसले, की सतरंजीवर त्या बाईच्या एका बाजूला भाऊ बसला आहे आणि दुसऱ्या बाजूला भावजय. नऊ वर्षांच्या आश्रयाची कृतज्ञता तो हात उचलून धरत होता; तो दुसरीकडे जाऊच शकत नव्हता.

मोजता मोजता भाऊसाहेब अडखळले. "ताई, शेवटचा हात अर्धाच वर आहे. धरू की सोडू?"

"धरा," वैजयंता म्हणाली. "पुरा धरा." आणि ती हे इतक्या मायेने म्हणाली, की भाऊसाहेबांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिले आणि मग निमूटपणे आकडा लिहिला.

ज्याच्यासाठी आपण बोल सोसले, त्याचाच हात आपल्या विरोधात वर झालेला पाहून ज्याची माया उणी होत नाही, त्याला कारभार कळला असे समजावे.