काना गावचे रांजण

वसईच्या वाड्यांत विहिरीवर रहाट फिरत होते, तेव्हाची गोष्ट. लग्नात दारूचा पहिला पेला वधूपित्याने घ्यायचा, आणि 'का' म्हणून विचारायचं नाही, असा नियम होता. सेलिनाच्या बापाने, इनासने, रोज बायबल वाचत दारू सोडली होती. एक घोट गेला, की पुन्हा जुने दिवस. म्हणून स्वतःच्या लग्नात सेलिनाने सांगून टाकलं, की बाबा पेला घेणार नाहीत.

"काना गावच्या लग्नात खुद्द येशूने पाण्याचा द्राक्षारस केला," वडीलधाऱ्या पास्कूकाकांनी तिला ऐकवत पेला इनासपुढे केला. "तू काय त्याच्याहून शहाणी?"

सेलिनाने पेला बापाच्या हाती जाऊ दिला नाही. तिने मांडवातले रांजण दाखवले.

"काका, येशूने माणसांना फक्त पाणी भरायला सांगितलं होतं. ते आम्ही भरलंय. पुढचं काम त्याचं. तोवर बाबा पाणीच पितील."

पास्कूकाकांनी रांजणात डोकावून पाहिलं. आत अजून पाणीच होतं. त्यांनी पेला मागे घेतला.