अण्णासाहेबांचं कुलूप

शाळेच्या फाटकावर मुलांचे मोबाइल पेटीत जमा व्हायचे. मग हेमांगीबाईंचा ऑनलाइन सुरक्षिततेचा तास हवाच कशाला, असं संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब घोलप यांचं म्हणणं.

“मोबाइलला कुलूप घातलं की झालं, त्यात शिकवायचं काय?” सगळ्या शिक्षकांदेखत त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला. “हा उघडून दाखवा. नाही जमलं तर तास बंद.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अण्णासाहेबांच्या जीपवर हौसेनं घेतलेला नंबर होता, ४५४५. शेजारी चिरंजीवांच्या मोटरसायकलवरही तोच. बाईंनी तेच आकडे दाबले आणि फोन उघडला.

अण्णासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

“साहेब, कुलूप मुलंही घालतात,” फोन परत देत बाई म्हणाल्या. “किल्ली अंगणात उभी करू नये, हे शिकवायला तास लागतो.”