कोकराचं पांघरूण

एक होतं माळरान, आणि त्या माळरानावर राहायची सलोमी. तिची वीस-पंचवीस मेंढरं होती, प्रभूवर भरवसा होता, आणि सात वर्षांची एक लेक होती, रिबका. मग काय झालं, रिबकाला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती देवाघरी गेली. सलोमी रडली नाही, बरं का. तिनं लेकीचं पिवळं पोलकं पेटीत ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात बांधली.

मग एक दिवस चर्चचे पाळकसाहेब आले. बरोबर तबिथा नावाची पोर होती, आईबाप नसलेली. म्हणाले, रविवारपर्यंत ठेवून बघ, नाहीच जमलं तर शहरातल्या आश्रमात पोचवतो. सलोमीनं ठेवून घेतली. भाकरी दिली, अंथरूण दिलं. पण नावानं हाक काही मारली नाही. पोर जवळ आली की ही उठून जायची. शेजारची एस्तेरमावशी बोललीच, की कुत्र्यालासुद्धा नाव घेऊन बोलावतेस, मग ह्या लेकरानं तुझं काय घोडं मारलंय? सलोमी चूल फुंकत राहिली.

त्याच आठवड्यात बांडी नावाची मेंढी व्याली, आणि तिचं कोकरू मेलं. दुसरी एक मेंढी व्याली, ती स्वतःच मेली, कोकरू मागं राहिलं. म्हणाल, मग सोपं आहे की. पण नाही. मेंढी वासावर चालते. परक्या वासाच्या कोकराला ती कास देत नाही.

सलोमीनं बांडीचे पाय धरले. बांडीनं लाथ मारली. मग तिनं कोकराला गूळपाणी चोपडलं. बांडीनं सगळं चाटून घेतलं आणि मग त्याला ढुशी देऊन पाडलं. कोकराची मान गळायला लागली. तबिथा त्याला मांडीवर घेऊन बसली.

तेवढ्यात माळावरून एक मेंढपाळ आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि दोन्ही तळहातांवर जुने वण. कुत्रं भुंकलं नाही. मेंढरं चरायची थांबली आणि त्याच्याभोवती येऊन उभी राहिली, जशी काही त्याचीच. त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि विचारलं, मेलेलं कोकरू पुरलंस का? नव्हतं पुरलं. मग त्यानं त्याचं कातडं हलक्या हातानं सोडवलं आणि जित्या कोकराला अंगरख्यासारखं बांधलं.

बांडीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिसऱ्यांदा हुंगलं, आणि मग गप उभी राहिली. कोकरू लुचायला लागलं.

“फसवलंत हो तिला,” सलोमी म्हणाली.

“तीनच दिवस,” तो म्हणाला. “तोवर तिचं दूध त्याच्या अंगात भिनेल. मग कातडं काढ. तेव्हा ते परकं नसेल.”

सलोमी तांब्या आत ठेवून बाहेर आली, तर माळावर कुणी नाही. सगळी मेंढरं मात्र डोंगराकडे तोंड करून उभी.

मग तिनं गळ्यातली किल्ली काढली. पेटी उघडली. पिवळं पोलकं तबिथाला घातलं आणि तिच्या खांद्यात नाक खुपसून, लेक गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडली. पोर हलली नाही. मग सलोमीनं तिची वेणी घातली, तिला आपल्या ताटात जेवू घातलं. एक दिवस गेला, दोन गेले.

तिसरा दिवस रविवार. पाळकसाहेब आले. सलोमीनं त्यांच्यादेखत कोकराच्या अंगावर बांधलेलं कातडं सोडलं. बांडीनं हुंगलं, आणि कोकराला चाटायला लागली.

तबिथा बघत होती. ती गुपचूप आत गेली. पोलकं काढून, घडी करून पेटीवर ठेवलं. आपला जुना फाटका झगा घातला आणि पाळकसाहेबांपाशी येऊन उभी राहिली. तिला वाटलं, कातडं निघालं, आता आपणही निघायचं.

सलोमीनं पाहिलं.

“तबिथा,” तिनं हाक मारली. “घरचं माणूस असं पाहुण्यापाशी जाऊन उभं राहतं का गं? जा, साहेबांना पाणी दे.”

मग तबिथानं पाणी दिलं. पाळकसाहेब ते प्यायले आणि एकटेच परत गेले. मायलेकी सुखात राहिल्या, बांडी आणि तिचं कोकरूही.

आपल्यासाठी जीव दिलेल्या प्रभूनंही आपल्याला स्वतःचंच पांघरूण घातलंय, बाळांनो. म्हणून तर आकाशातला बाप आपल्याला दूर लोटत नाही. घ्या आता घोंगडी गळ्यापर्यंत, आणि मिटा डोळे. तो राखायला बसलाय.