सासूबाईंवर कोण ओरडलं?

"सासूवर ओरडणारी बाई मुलीला काय सांभाळणार?" असं म्हणत नवऱ्याचे वकील घारपुरे यांनी कौटुंबिक न्यायालयात मुलीच्या ताब्याच्या सुनावणीत मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. हेमांगीने सासूबाईंना केलेला फोन नवऱ्याने चोरून रेकॉर्ड केला होता.

"किती वेळा सांगू? गोळी घ्या!" तिचा आवाज दणाणला. लेक हातची जाणार, या धास्तीने हेमांगी घाईघाईने म्हणाली,

"न्यायाधीशसाहेब, सासूबाई बाहेरच बसल्यात. त्यांनाच विचारा ना!"

म्हातारी आत आली. घारपुऱ्यांनी मधाळ आवाजात विचारलं, "आजी, सून ओरडते का?"

"आं?"

त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा "आं?" शेवटी घारपुरे गरजले, "अहो, किती वेळा विचारू? सून ओरडते का?"

हेमांगी ताडकन उठली. "साहेब, हेही पुराव्यात घ्या. वकीलसाहेब माझ्या सासूबाईंवर ओरडले!"