चौसष्ट अर्थ आणि एक थाप

एकदा एका शिष्याला इंग्रजीतल्या ‘रन’ या शब्दाने अक्षरशः झपाटले. पळणे, एवढाच अर्थ त्याला आजवर ठाऊक होता. पण शब्दकोश उघडून पाहतो तर काय, त्या एवढ्याशा शब्दाने नदी वाहत होती, दुकान चालत होते, कपड्याचा रंग जात होता, माणसे निवडणुकीला उभी राहत होती! त्याने चौसष्ट अर्थ वहीत उतरवले आणि आठवड्यात तोंडपाठ केले. दुसऱ्या दिवशी मुलींच्या एका शाळेत समितीपुढे त्याचा नमुना पाठ होता. दोन शाळांनी त्याला आधीच नकार दिला होता. आता तिसरीनेही दिला, तर शिक्षक होण्याचा नाद सोडायचा, असे त्याने मनोमन ठरवले होते.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी तो धावतच आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला आणि उभ्याउभ्याच अर्थ घडाघडा म्हणू लागला. बाराव्या अर्थाला गुरुजींनी वही काढून घेतली, काखेत मारली आणि म्हणाले, “चल, खो-खो खेळू.”

“गुरुजी, उद्या पाठ आहे माझा!”

“म्हणूनच म्हणतो, चल.”

मैदानावर त्यांनी त्याला खेळाडूंच्या रांगेत बसवले. शेजाऱ्याचे तोंड पूर्वेला, याचे पश्चिमेला. पळणारा गडी अगदी हाताच्या अंतरावरून गेला आणि शिष्य उसळून उठला. लगेच पंचांची शिट्टी वाजली.

“खो कुठे मिळाला तुम्हाला? बसा खाली!”

दुसऱ्यांदाही तेच झाले. सगळे खो खो हसले. तिसऱ्या वेळी मात्र तो दातओठ खाऊन बसून राहिला. एवढ्यात मागून पाठीवर थाप पडली, “खो!” तो सुसाट सुटला आणि त्याने सूर मारून गड्याला बाद केले. मैदानावर एकच जल्लोष झाला. कोपर सोलवटले होते, पण त्याचा आनंद गगनात मावत नव्हता!

गुरुजी जवळ आले. “बाळा, शब्दाचे अर्थही असेच रांगेत बसलेले असतात, प्रत्येकाचे तोंड निराळ्या दिशेला. वाक्य ज्याच्या पाठीवर थाप मारते, तेवढाच उठतो. तू सगळ्यांना एकदम उठवतोस. मग ऐकणाऱ्याने बघावे तरी कोणाकडे? उद्या तू नुसते वाक्य दे आणि गप्प राहा.”

“आणि वही?”

“ती माझ्याकडे राहू दे.”

दुसऱ्या दिवशी शिष्याने फळ्यावर नदीचे इंग्रजी वाक्य लिहिले आणि त्यातल्या ‘रन’खाली रेघ ओढली. त्याची जीभ नुसती वळवळत होती, पण त्याने ओठ घट्ट मिटले. वर्गात शांतता पसरली. समितीतल्या एका बाईंनी घड्याळाकडे पाहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, “वाहते, सर?” त्याने हसून मान डोलावली आणि आईच्या दुकानाचे वाक्य लिहिले. “चालवते!” तिघी एकदम ओरडल्या. मग काय विचारता! चौथ्या वाक्याला सारा वर्ग उभा होता.

पाठ संपल्यावर समितीच्या अध्यक्षांनी विचारले, “तुम्ही स्वतः तर एकही अर्थ सांगितला नाहीत. किती येतात तुम्हाला?”

“चौसष्ट,” शिष्य म्हणाला, “पण आज चारच लागले.”

अध्यक्ष उठून उभे राहिले. मग म्हणाले, “सोमवारी साडेदहाला या. हाच वर्ग तुमचा.”