सांगतळ्याचा वाकडा बांध

हा बांध नीट बघा, पाहुणे. इकडून सरळ निघतो, मधेच कोपरासारखा वाकतो आणि पुढे काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सरळ होतो. पाटबंधारे खात्याचे साहेब येतात, आधी त्या कोपराचे फोटो काढतात आणि मग मला विचारतात, हे कुणाचं डोकं? त्यांनाही मी असाच खाली बसवतो. मी इथल्या उंबराई देवीचा गुरव. वाडवडीलही गुरवच. या गोष्टीत आमच्या घराची थोडी चूक आहे, म्हणून ती मी दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही.

कोपरावर काळा दगड दिसतो ना, तो सांगणीचा दगड. गावात कुणाचं काम चालू असलं, मग ते घर असो, विहीर असो की शाळेची भिंत, त्याने दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, त्या दगडावर उभं राहायचं. देवीकडे तोंड करून तीन गोष्टी सांगायच्या: काय झालं, काय राहिलं आणि काय बिघडलं. तिसरी चुकवता येत नाही. मागे समाजमंदिराचा ठेकेदार आला होता, बाहेरगावचा. म्हणाला, बिघडलं काहीच नाही. लोक जागचे हलले नाहीत आणि त्यालाही हलू दिलं नाही. तासभर उन्हात उभा राहिल्यावर त्याला आठवलं, की खिडक्यांच्या कड्या बाहेरच्या बाजूला बसल्या आहेत.

असं सांगतात, की फार पूर्वी इथे तळं नव्हतंच. बायका दोन कोसांवरून नदीचं पाणी आणायच्या. शेवटी वरची आळी, कुंभारवाडा आणि धनगरवाडा एक झाले आणि इथला ओढा अडवायचं ठरलं. काम दिलं सटवा पाथरवटाकडे. त्याच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती. पण स्वभाव असा, की समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवायचं नाही. मग तो ज्याला जे हवं ते सांगून मोकळा व्हायचा.

धनगरांनी विचारलं, आमच्या मेंढरांची वाट इथूनच जाते, तिचं काय? सटवा म्हणाला, "ऱ्हाईल की." कुंभारांनी आपल्या मातीच्या खाणीचं विचारलं. त्यांना म्हणाला, "तिला थेंब शिवायचा न्हाई." वरच्या आळीला म्हणाला, "पानी तुमच्या उंबऱ्याला लागंल." आणि कधी म्हणून जो विचारील त्याला एकच उत्तर, औंदाच्या दसऱ्याला. सगळे खूश होऊन घरी गेले. सटवाही खूश. एका उंबराईला मात्र कुणी काही सांगितलं नाही, आणि तिचं ठाणं तर ओढ्याकाठीच होतं, पाणी साठणार तिथेच.

मग जो तो आपल्याला कळलं तसं राबायला लागला. धनगरांनी बांधात दोन मेंढरं जातील एवढी फट ठेवली आणि दगड लावून ती चांगली पक्की केली. कुंभारांनी आपल्या टोकाकडून येताना खाण बाहेर राहावी म्हणून बांध वळवला. वरच्या आळीने तर तळ्यापासून आपल्या दारापर्यंत चढावर पाट खणला. सटवा हे सगळं रोज बघत होता. पाट बघून म्हणाला म्हणे, "लई झ्याक खणलाय."

पाऊस आला, पाणी मेंढरांच्या वाटेने निघालं आणि जाताना अर्धा बांध घेऊन गेलं. सटवाने सगळीकडे जाऊन सांगितलं, थोडी माती सरकलीय. दुसऱ्या वर्षी परत तेच. तेव्हा जाणती मंडळी म्हणाली, हे साधं नाही, देवीला कौल लावा.

आता आमची चूक ऐका. माझ्या पूर्वजाने देवीच्या अंगावर दोन बाजूंना फुलं लावली आणि विचारलं, "आई, तुला काही हवं आहे का?" उजवं फूल पडलं. म्हणजे हवं आहे. काय हवं आहे, हेही तिलाच विचारायला हवं होतं. पण मंडळी घाईवर आली होती. त्यांनी परस्पर ठरवलं, की जीव हवा. कुणाचा, यावरही वाद झाला नाही. पाणी सगळ्या गावाचं, पण काम सटवाचं, तेव्हा जीव सटवाच्या घरचा. त्याची बायको हौसा हिला सोमवारी बांधाच्या पायात बसवायचं आणि तिला ते सटवानेच सांगायचं, असं ठरलं.

सटवा चिंचेखाली बसून ढसाढसा रडला, असं सांगतात. मग बाजारात गेला, हिरवं लुगडं घेतलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "सोमवारी बांधावर वटी भरायची हाय. पैला मान तुझा."

हौसाने या माणसाबरोबर वीस वर्षं काढली होती. तिने लुगडं फडताळात ठेवलं आणि हळदीकुंकवाचं बोलावणं करते म्हणून गावात निघाली. धनगरवाड्यात तिला वाटेचं कळलं, कुंभारवाड्यात खाणीचं कळलं. वरच्या आळीने तिला ताक पाजलं आणि मोठ्या कौतुकाने पाट दाखवला. पण बायका तिच्या नजरेला नजर देत नव्हत्या, म्हणून ती आमच्या घरी आली. आमची गुरवीण तेवढी सरळ होती. ती म्हणाली, "हौसाबाई, कसली वटी? खड्डा तुमच्याच मापाचा खणलाय."

ती माहेरी पळून जाऊ शकली असती. गेली नाही. मला विचाराल तर तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता, आणि तो देवीचा नव्हता.

सोमवारी ती लुगडं नेसून आली आणि वाजतगाजत खड्ड्यात उतरून बसली. वर सटवा उभा. हौसा म्हणाली, "बसले. आता मी हितं का बसले ते तुमी सांगा. दुसऱ्या कुनी बोलायचं न्हाई."

"मान हाय तुझा," सटवा म्हणाला.

"सांगा."

"वटी भरायची..."

"अवं, सांगा."

वाजंत्री थांबली. शेवटी सटवा म्हणाला, "तुला गाडनार हायती."

"मोठ्यानं. मागच्यास्नी आयकू येईना."

त्याने ते मोठ्याने सांगितलं, आणि एकदा ते तोंडातून निघाल्यावर मागचं सगळंच निघालं. मेंढरांची वाट राहणार नाही. खाण बांधाच्या आत घेतली असती तर बांध सरळ झाला असता. दोन दसरे गेले, आणखी किती जातील कुणी सांगावं. गावाने एकच गोष्ट एकाच जागी उभं राहून ऐकली, ती त्या दिवशी पहिल्यांदा. धनगर कुंभारांवर धावले, कुंभार सटवावर धावले. वरच्या आळीचा एक म्हातारा तेवढा शांत होता. त्याने विचारलं, "म्हंजी पानी चढत न्हाई?"

"न्हाई, आबा. कवाच चढत न्हाई."

मग सटवा देवीकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "आई, तुजं ठाणं बुडनार हाय. तुला टेकावर न्यावं लागंल. म्या तुला सांगितलंच न्हाई." माझ्या पूर्वजाने कौलाला फुलं लावली होती, पण प्रश्न विचारायच्या आतच उजवं फूल खाली आलं. तिला काय हवं होतं, ते तेव्हा आम्हाला कळलं.

लोकांनी हौसाला म्हटलं, ये वर. ती आली नाही. तिने नवऱ्याला विचारलं, "आन् बांध कवा पुरा व्हईल?"

सगळ्यांना वाटलं, आता हा दसरा म्हणणार. सटवाने फुटका बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा बघितला. मग म्हणाला, "ठावं न्हाई. पन कुठवर आलं ते दर बाजाराला हितं हुबा ऱ्हाऊन सांगंन." तेव्हा तिने हात वर केला आणि त्याने तिला बाहेर घेतलं.

बांध पुरा व्हायला आणखी तीन वर्षं लागली. वळवलेला भाग एवढा घट्ट बसला होता, की तो मोडण्यापेक्षा ठेवणं सोपं पडलं. मेंढरं बांधावरून जायला लागली, उंबराई टेकावर गेली. वरच्या आळीच्या पाटाने पावसाचं पाणी तळ्यात उतरतं. तो आम्ही यासाठीच खणला होता, असं ते आता सांगतात. हौसाचा खड्डा बुजवून त्यावर तो दगड बसवला.

आजही आमच्या गावात नवरा न सांगता लुगडं घेऊन आला, तर बायको ते हातात धरत नाही. लुगडी गेली, साड्या आल्या, पण चाल तीच. माझ्याच घरचं सांगतो. गेल्या दिवाळीला मी हिच्यासाठी साडी नेली, चांगली जरीच्या काठाची. हिने घडी मोडली नाही. मला समोर पाटावर बसवलं आणि विचारलं, "खड्डा कुठं खणलाय?"

होता एक. सांगितला.