आत्याच्या बांधाची इर्जिक

फार मागे डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे एक शेतकरीण राहायची. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. दर पावसाळ्यात तिच्या रानातली माती धुपून खाली जायची. आता जेमतेम वीतभर उरली होती. आणखी एक पावसाळा असाच गेला, तर पेरायला नुसता मुरूम राहणार होता. 

म्हणून तिने बांध घालायला इर्जिक बोलावली. इर्जिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्यांनी मिळून राबायचं आणि त्याने राबणाऱ्यांना पोटभर जेवू घालायचं. राजधानीहून मातीचा एक जाणकार आला. मेंढपाळ आला, खालच्या रानाचा शेतकरीही आला. आत्याने पुरणपोळ्यांचा घाट घातला.

पण कुदळ काही पडेना. जाणकार म्हणाला, "बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवा. मध्ये फट नको."

मेंढपाळ म्हणाला, "मग माझी मेंढरं वर कशी जायची? उडत? माझी वाट सोडा."

खालचा शेतकरी गालातल्या गालात हसला. "बांध हवाच कशाला? आत्याची माती वाहून माझ्या रानात येते, पीक झकास होतं. मी आपला जेवायला आलोय." आता याला काय म्हणावं? पण बोलत होता ते खरंच होतं.

ऊन डोक्यावर आलं, तरी तिघं आपलंच घोडं दामटत होते. आत्याला रडूच यायचं बाकी होतं, पण तिने पदर खोचला. "इर्जिकीत कोणी स्वतःचं काम करत नाही, दुसऱ्याचं करतो. मग आज तसंच होऊ दे. पाहुणे, तुम्ही मेंढरांची वाट बांधा. मेंढक्या, तू पाहुण्यांची आखणी कर. आणि शेजारी, तू बांधासाठी चर खण. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल उपाशी जावं."

पुरणाचा वास सुटला होता. उपाशी जायला कोणीच तयार नव्हतं; तिघंही कामाला लागले.

मेंढपाळ दोरी धरून आखणी करत निघाला. आपल्या वाटेपाशी येऊन थबकला. रानातल्या सगळ्या ओघळी तिथूनच सुटल्या होत्या. "म्हणजे माती आमच्याच खुरांनी सैल केली होय," तो ओशाळून म्हणाला.

तिकडे जाणकार वाटेवर दगड बसवत होता. जागा चांगलीच खोलगट होती. तो स्वतःशीच म्हणाला, "अखंड बांधाआड पाणी तुंबलं असतं, तर इथेच बांध फुटला असता. जादा पाण्यालाही वाट हवीच."

खालच्या शेतकऱ्याची कुदळ ठण्णकन वाजली. वीतभर मातीखाली मुरूम. त्याचं हसू मावळलं. "आत्या, असंच चाललं तर पुढल्या साली तुझ्याकडून माती नाही यायची. माझ्या रानात दगडगोटेच येणार." मग सगळ्यांत जास्त पाट्या त्यानेच वाहिल्या.

बांध झाला. वाटेपाशी तो बुटका ठेवून दगडांनी पक्का केला. मेंढरं तिथूनच चढू लागली, आणि पावसाळ्यात जादा पाणीही तिथूनच उतरलं.

खालच्या शेतकऱ्याने ते पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. नितळ होतं. तो आत्याच्या दारात गेला. "आत्या, यंदा तुझी चिमूटभर मातीही माझ्याकडे आली नाही."

आत्या मनापासून हसली. "मग बस जेवायला. मातीच्या बदल्यात पोळी घे."

गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या जागेवरून दिसतं ते खोटं नसतं, पण अर्धंच असतं. उरलेलं अर्धं दिसायला दुसऱ्याच्या कामाला हात लावावा लागतो.